नाइटिंगेलचं गुलाबचित्र: कौतुक करण्याआधी एकदा वाचून बघा

गेल्या महिन्यात माझा प्रोग्रेस सेमिनार झाला. एका नकाशावर मी प्रत्येक विहिरीच्या जागी एक वर्तुळ काढलं होतं. पाण्यात नायट्रेट जितकं जास्त, तितकं वर्तुळ मोठं. कमिटीतल्या एका सरांनी स्क्रीनकडे बोट दाखवत विचारलं, "या विहिरीत एवढं जास्त?" शेजारच्या विहिरीपेक्षा तिथे नायट्रेट तिप्पट होतं. पण कोड लिहिताना मी त्रिज्या तिप्पट केली होती, त्यामुळे क्षेत्रफळ झालं नऊपट. टेबलमधले आकडे बरोबर होते आणि चित्र मात्र चक्क खोटं बोलत होतं. मी "नाही सर, तिप्पटच आहे" म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं माझ्या निष्कर्षांवर कोणी काही विचारलंच नाही. सगळी चर्चा वर्तुळांवर.

रेषा, आकार, रंग, अवकाश हे दृश्य रचनेचे घटक. संतुलन, विरोध, भर, प्रमाण, समीपता ही तिची तत्त्वं. शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमीजिएट दिली असेल तर संकल्पचित्राच्या निमित्ताने यातलं थोडंफार कानावर पडलेलं असतं. मग आपण सायन्सला जातो आणि हे सगळं 'सजावट' या कप्प्यात टाकून देतो. मीही टाकलं होतं. सेमिनारनंतर परत वाचायला घेतलं, तेव्हा सगळीकडे एकच उदाहरण समोर यायला लागलं: फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं 1858 चं गुलाबचित्र. प्रत्येक वर्कशॉपमध्ये ते एका स्लाइडवर येतं, सगळे "वा!" म्हणतात आणि पुढची स्लाइड येते. ते खरोखर वाचताना मी कोणाला बघितलेलं नाही. म्हणून ही पोस्ट.

आधी चित्रात काय आहे ते बघू. क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश सैन्यातले मृत्यू, एप्रिल 1854 ते मार्च 1856, महिन्यागणिक. दोन वर्तुळाकार आकृत्या, प्रत्येकीत बारा पाकळ्या, एक पाकळी म्हणजे एक महिना. निळा रंग टाळता येण्याजोग्या संसर्गजन्य रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. पाकळीचं क्षेत्रफळ मृत्युदराच्या प्रमाणात. (आधीच्या एका आवृत्तीत त्रिज्याच दराच्या प्रमाणात होती, म्हणजे माझीच चूक! ती नंतर सुधारली गेली. हे वाचून मला किती बरं वाटलं ते सांगत नाही.)

आता जानेवारी 1855 घ्या. रोगांचा मृत्युदर दर हजारी 1022.8, जखमांचा 30.7. दर हजारी हजाराच्या वर कसा, असा प्रश्न पडला असेल तर छान. हा दर वार्षिक आहे: 32,393 सैनिकांपैकी त्या एका महिन्यात 2,761 जण रोगाने गेले, आणि याच वेगाने वर्षभर चाललं असतं तर सगळं सैन्य संपलं असतं.

निळं लालच्या साधारण 33 पट आहे. हे पट्ट्यांच्या आलेखात काढलं आणि निळी पट्टी 20 सेंटीमीटर उंच ठेवली, तर लाल पट्टी जेमतेम 6 मिलिमीटर येते. गुलाबात निळी पाकळी 20 सेंटीमीटर लांब केली, तर लाल पाकळी जवळपास साडेतीन सेंटीमीटर भरते, कारण त्रिज्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढते. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 च्या पेपरमध्ये दाखवलं की एका समान अक्षावरची जागा आपण सर्वांत अचूक वाचतो. लांबी आणि कोन त्याखाली, क्षेत्रफळ आणखी खाली. म्हणजे जे चित्र 'प्रभावी मांडणी' म्हणून मिरवलं जातं, ते स्वतःच्याच सर्वांत मोठ्या मुद्द्याला डोळ्यासमोर लहान करतं. भर देणं आणि प्रमाण राखणं या दोन तत्त्वांची इथे टक्कर होते. आकाराचा ठसा मनात राहतो, पण किती पट ते कळत नाही.

दुसरी अडचण एकावर एक चढवण्याची. तिन्ही रंग केंद्रापासून मोजायचे आहेत, पण डोळा त्यांना थर समजतो. नोव्हेंबर 1854 बघा. त्या महिन्यात जखमांचा दर 115.8 आणि इतर कारणांचा 42.8, म्हणून काळ्याची सीमा लाल पाकळीच्या आत एका रेषेने दाखवावी लागली. काही महिन्यांत तर दोन रंग एकमेकांवर तंतोतंत बसतात. हे सगळं समजावायला चित्राशेजारी टीप लिहिलेली आहे. टीप लिहिली हा प्रामाणिकपणा झाला. पण जी फिगर टिपेशिवाय चुकीची वाचली जाते, ती रिव्ह्यूअरच्या हातात देताना मी तरी दहा वेळा विचार करीन.

वाचनाचा क्रमही उलटा आहे. पहिलं वर्ष उजवीकडे, दुसरं डावीकडे, आणि दोन्ही जोडायला तुटक रेषा. इंग्रजी काय, मराठी काय, आपण डावीकडून वाचतो. पहिल्यांदा बघताना मला वाटलं मृत्यू वाढतच गेले!

पण माझा खरा आक्षेप दोन वर्तुळांवरच आहे. सॅनिटरी कमिशन स्कुटारीला पोचलं मार्च 1855 मध्ये, आणि पहिलं वर्तुळ संपतं तेही मार्च 1855 ला. एका वर्तुळात जे आहे ते डोळा एक गट मानतो, त्यामुळे चित्र 'सुधारणांच्या आधी' आणि 'सुधारणांच्या नंतर' असं वाचलं जातं. आकडे मात्र सलग ठेवून बघा: जानेवारी 1022.8, फेब्रुवारी 822.8, मार्च 480.3, एप्रिल 177.5. कमिशनचं काम नीट सुरू होण्याआधीच दर निम्म्याहून खाली आला होता. कडक हिवाळाही तेव्हा सरत होता. ही उतरण मोठ्या वर्तुळाच्या पोटात लपते. आणि जून 1855 चा दर पुन्हा 247.6 वर गेला, तेही लहान वर्तुळात फारसं टोचत नाही. मी 24 महिने एकाच ओळीत पट्ट्या काढून बघितले, तर या दोन्ही गोष्टी पहिल्या नजरेत दिसल्या. कारण आणि परिणाम यांचा दावा इथे एकाही वाक्यात केलेला नाही. तो केलाय मधल्या मोकळ्या जागेने.

मग चित्र टाकाऊ आहे का? मुळीच नाही, आणि इथे माझं मत बदललं हे कबूल करते. माझ्या पट्ट्यांच्या आलेखात एक गोष्ट हरवली. गुलाबात दोन्ही वर्तुळांत तोच महिना त्याच दिशेला येतो, त्यामुळे हिवाळ्याची तुलना हिवाळ्याशी होते. जानेवारी 1855 ला 1022.8, जानेवारी 1856 ला 11.4. ऋतूचं कारण बरंचसं बाजूला काढणारी हीच तुलना सर्वांत भक्कम आहे, आणि ती गोल मांडणीमुळे नुसत्या नजरेने करता येते. सरळ ओळीत हे दोन जानेवारी बारा पट्ट्यांच्या अंतरावर जाऊन पडतात.

म्हणजे प्रश्न 'गोल की सरळ' असा नव्हता, तर कोणत्या दोन गोष्टी शेजारी आणायच्या असा होता. शेवटी मी तिसरी आकृती काढली: आडव्या अक्षावर एप्रिल ते मार्च, त्यावर दोन रेषा, एक पहिल्या वर्षाची, एक दुसऱ्या. मार्चमधली उतरणही दिसते आणि दोन जानेवारीही एकाखाली एक येतात. सप्टेंबर 1855 नंतरची रेषा मात्र तळाला चिकटून बसते. तिथे लॉग अक्ष घेतला तर 11.4 नीट वाचता येतो, पण 1022.8 ची भीषणता सपाट होते. यावर मला अजून समाधानकारक तोडगा सापडलेला नाही.

माझ्या नकाशावरची वर्तुळं आता क्षेत्रफळाच्या हिशोबाने आहेत, आणि शेजारी सगळ्या विहिरींचा एक साधा ठिपक्यांचा आलेख जोडलाय, एकाच अक्षावर. गाईडचा पहिला प्रश्न होता, "मग नकाशा हवाय कशाला?" कुठली विहीर कोणत्या नाल्याच्या काठावर आहे ते ठिपके सांगत नाहीत, एवढं उत्तर मी दिलंय. पुढच्या मीटिंगमध्ये कळेल ते पुरलं का.