आपली पट्टी कोणती?

गाण्यावर टीका करायला गाणे यावे लागते, असा एक गैरसमज आपल्याकडे फार दिवस टिकून आहे. बँकेच्या कॅशवर शेरे मारणाऱ्या ऑडिटरकडे स्वतःची कॅश कुठे असते? तरीही तो दरवर्षी येतो, आणि आम्ही त्याला चहा पाजतो. तेव्हा रांजणगावच्या एका भजनी मंडळात मागच्या रांगेत बसून टाळ कुटत काढलेली पंधरा वर्षे आणि कॉमर्सची पदवी, एवढ्या भांडवलावर मी एका गायकवृंदाचा हिशेब तपासायला बसलो आहे. वृंदाचे नाव सिक्स पॅक बँड.

नाव ऐकून पोटावर वड्या पाडणारी तालमीतली मुले डोळ्यांसमोर येतात. तसे काही नाही. २०१६ च्या जानेवारीत यशराज फिल्म्सच्या वाय-फिल्म्स या शाखेने सहा तृतीयपंथीयांना एकत्र आणून हा वृंद उभा केला. पाठीशी ब्रुक बाँड रेड लेबल चहा. देशातला पहिला तृतीयपंथी बँड अशी त्याची ओळख करून देण्यात आली. पहिले गाणे 'हम हैं हॅपी'. अमेरिकेतल्या फॅरेल विल्यम्सचे २०१३ सालचे 'हॅपी' जगभर वाजले, त्याचा हा हिंदी अवतार. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कान येथे जाहिरातवाल्यांची जी जत्रा भरते तिथे या उपक्रमाला ग्लास विभागाचे सर्वोच्च बक्षीस मिळाले. बक्षीस जाहिरातीचे होते, गाण्याचे नव्हे. ऑडिटरसारखी ही बारीक नोंद इथेच करून ठेवतो.

आमच्या शाखेत हे गाणे लागले ते जेवणाच्या सुट्टीत, कॅशियरच्या मोबाईलवर, शेपूच्या भाजीच्या साक्षीने. गाणे संपल्यावर अभिप्राय सुरू झाले. "चांगला उपक्रम आहे." "समाज बदलतोय बरं का!" "बिचाऱ्यांना कुणीतरी पुढं आणलं." "चहावाल्यांनी डोकं चालवलं राव." शिपाईमामा म्हणाले, "साहेब, कपडे मात्र झकास!" एकही अभिप्राय गाण्याविषयी नाही. आता रक्तदान शिबिराला 'चांगला उपक्रम' म्हणणे मी समजू शकतो. तिथे बाटली कशी भरली यावर 'वाहवा' म्हणायची पद्धत नाही. पण समोर माणसे गात असताना सूर सोडून उपक्रमाचे कौतुक करणे म्हणजे पंगतीत बसून यजमानाच्या गॅसच्या शेगडीची तारीफ करणे. घरचा मुलगा बेसूर गायला तर आपण "अरे, गाढवा, सूर बघ" असे म्हणतो. पाहुण्याच्या मुलाला "छान हं!" म्हणून वाटी पुढे करतो. या सहा जणांना आम्ही सगळ्यांनी मिळून वाटी पुढे केली.

तेव्हा आधी गाणे. त्यात सर्वांत हुशारीची गोष्ट आहे ती टाळी. मूळ इंग्रजी गाणे टाळ्यांच्या ठेक्यावरच उभे आहे, आणि ज्याने कोणी सहा तृतीयपंथीयांसाठी नेमके हेच गाणे निवडले त्याच्या डोक्याला मी माझी पूर्ण ग्रॅच्युइटी द्यायला तयार आहे. कारण ती टाळी आपल्या ओळखीची आहे. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर दुकानाबाहेर ती वाजली की दुकानदार मान वर न करता गल्ला उघडतो आणि गाडीवाला काच वर घेतो. भजनातली टाळी पसरट, जरा सुस्त. टाळ पुरले नाहीत म्हणून वाजवलेली. ही टाळी बोटे फाकून, तळव्यावर तळवा, फटाक्यासारखी. आपण तिला आजवर 'आवाज' म्हणत आलो. या गाण्यात ती समेवर येते, आणि काच वर करायला उठलेला हात त्याच ठेक्यावर मांडीवर पडतो. तेवढ्या दोन क्षणांपुरते गाणे जिंकले.

बाकीचे गाणे मात्र उसन्या चालीचे. पहिलेच गाणे, तेही परक्याची चाल. म्हणजे नव्या नवरीला शेजारणीचा शालू नेसवून बोहल्यावर उभे करण्यासारखे. शालू कितीही भारी असला तरी लक्ष शालूकडेच जायचे. शिवाय स्टुडिओवाल्यांनी सहाही गळ्यांवर अशी काही इस्त्री फिरवली आहे की कोणता गळा कोणाचा, कळेना. या गळ्यांत जी खरखर आहे, रस्त्यावर कमावलेली जी जाड धार आहे, तीच मला ऐकायची होती. पुढे सोनू निगमबरोबर त्यांनी 'सब रब दे बंदे' केले. तिथे चाल त्यांची स्वतःची, गाणेही बरे; पण एवढा कसलेला गळा शेजारी उभा राहिला की ऐकणाऱ्याचा कान तिकडे जातो आणि सहा मुख्य गायक बघता बघता टाळकरी होतात. टाळकऱ्याच्या जागेची मला पूर्ण माहिती असल्याने हे अधिकाराने सांगतो.

कुणी म्हणेल, पुरुषाच्या गळ्यातून बाईचे आणि बाईच्या गळ्यातून पुरुषाचे असले गाणे आपल्या कानाला नवीन, म्हणून आपण गोंधळतो. नवीन? अहो, १९११ सालच्या 'मानापमान'मधली भामिनी, १९१६ च्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी आणि १९१९ च्या 'एकच प्याला'मधली सिंधू कोण होते? नारायण श्रीपाद राजहंस, ऊर्फ बालगंधर्व. सदर गृहस्थ चांगले संसारी. पण त्यांच्या लुगड्याची नक्कल आमच्या आज्यांनी केली आणि त्यांच्या आवाजावर आमचे आजोबा कर्ज काढून भाळले. उलट बाजूला गंगूबाई हनगल. त्यांचा भरदार आवाज नुसता ऐकून गाणारा पुरुष आहे असे लोकांना वाटायचे. आमच्या उत्तरेला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात; तिथल्या गवळणीत 'मावशी' हा मिशा काढलेला पुरुषच असतो. आणि कीर्तनात तर विचारूच नका. ज्ञानेश्वरमाऊलींची विरहिणी आणि नाथांची गौळण म्हणताना झुपकेदार मिशांचे पन्नास शेतकरी एका सुरात गोपी होतात, आणि 'बुवा, तुम्ही नेमके कोण?' असे कोणी विचारत नाही.

फरक एवढाच की बालगंधर्व पडदा पडल्यावर घरी जात. घरी जाणारा गंधर्व आणि घरी न जाणारी मावशी, यांत आपण मोठा भेद केला. मराठी चित्रपटात नाच्याच्या भूमिका करणारे गणपत पाटील पक्के प्रापंचिक होते. पण २००८ मध्ये ते गेले तेव्हाही लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो नाच्याच. दाद द्यायची ती पडद्याच्या अलीकडच्याला. पलीकडे तोच आवाज राहू लागला, की आपण पेटी बंद करतो.

पेटीवरून आठवले. आमच्या मंडळात दोन वर्षांपूर्वी एमआयडीसीतला एक मुलगा येऊ लागला. बीडकडचा, कॉट बेसिसवर राहणारा, फर्स्ट शिफ्टचा. गळा असा गोड की पहिल्याच गुरुवारी पखवाजवाला हात आवरून ऐकत बसला. पण बुवांची पट्टी काळी एक, आणि या मुलाचा गळा मोकळा होई तो काळी चारला. म्हणजे गावातल्या बायकांच्या मंडळाची पट्टी. बुवा मायेने म्हणाले, "बाळा, जरा खाली ये की."

"बुवा, खाली आलं की माझा आवाजच राहत नाही."

तो खोटे बोलत नव्हता. खाली आणला की त्याचा आवाज ओल्या काडीसारखा फुरफुरे. मग मागच्या रांगेतून कोणीतरी "मावशी" म्हणाले. हसू पसरले. पोरगा पण हसला. चौथ्या गुरुवारी तो आला नाही. "शिफ्ट बदलली असेल," असे ठरले. तो कोण होता, कसा होता, याची मी चौकशी केली नाही. केवायसी बँकेत करतात, भजनात नव्हे. पण एका चांगल्या गळ्याला चार गुरुवारांत रस्ता दाखवला गेला, आणि कारण काय, तर पेटीवरची एक काळी पट्टी!

आमच्या समूहगानातली गोम नेमकी इथेच आहे. आपले भजन, आरती, प्रभातफेरी, सगळे एका पट्टीत. सर्वांनी एकच सूर लावायचा. ज्याला तो लागत नाही त्याने ओठ हलवायचे. पाश्चात्त्यांच्या कोरसची रीत वेगळी. तिथे उंच, मध्यम, खालचे, अगदी खर्जातले असे चार सूर एकाच वेळी चालतात आणि त्यांची जुळणी हेच गाणे असते. माझ्या कानाला पहिल्यांदा हा प्रकार म्हणजे चार टीव्ही एकदम लावल्यासारखा वाटला. पण त्यात कोणाला 'खाली ये' म्हणत नाहीत. पुरुषांतून बाई झालेल्यांचा आवाज नुसत्या औषधाने उंच होत नाही. अशा बाई खुशाल खर्जाच्या रांगेत उभ्या राहून गातात. रांग आवाजाची, लुगड्याची नव्हे. समलिंगी, तृतीयपंथी आणि त्यांचे सखेसोबती यांचे वृंद याच रीतीने गातात. त्यांची इंग्रजी आद्याक्षरे एल, जी, बी, टी, क्यू अशी लांबत जातात म्हणून लोक चिडतात; आरटीजीएस आणि आयएफएससी रोज तोंडाने म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचे काही वाटू नये.

बँकेवरून सांगतो, आमचे खाते या बाबतीत बऱ्यापैकी पुढे आहे. २०१५ मध्येच रिझर्व्ह बँकेने फॉर्मवर तृतीयपंथीयांसाठी रकाना ठेवायला सांगितले. समलिंगी संबंध गुन्हा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ चा. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने अशा जोडप्यांच्या लग्नाला मान्यता दिली नाही. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारकडून खुलासा आला की त्यांनी जॉइंट अकाउंट उघडायला काहीच आडकाठी नाही. संसारातला मुख्य भाग कोणता, हे शेवटी बँकेलाच कळले!

या जॉइंट अकाउंटच्या फॉर्मवर एक सोय असते: आयदर ऑर सर्व्हायव्हर. दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. कोरस याच अटीवर चालतो. लांब सूर धरायचा असला की सगळे एकदम श्वास घेत नाहीत. एकाने गुपचूप घ्यायचा, तोवर शेजाऱ्याने सूर धरायचा, मग त्याने घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटते, सूर तुटलाच नाही. भजनातही बुवांचा दम संपला की आम्ही ओळ उचलतो, ती हीच युक्ती.

सान फ्रान्सिस्कोच्या गे मेन्स कोरसच्या तालमी सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. २७ नोव्हेंबर १९७८ ला तिथले महापौर जॉर्ज मॉस्कोन आणि उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी हार्वे मिल्क यांचा नगरभवनातच गोळ्या घालून खून झाला. त्या रात्री मेणबत्त्या घेतलेल्या गर्दीसमोर, नगरभवनाच्या पायऱ्यांवर, हा वृंद लोकांपुढे पहिल्यांदा गायला. मेंडेलसोनचे प्रार्थनागीत. पुढे एड्सच्या साथीत याच वृंदाने तीनशेहून अधिक गाणारे गमावले. १९९३ सालचा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. मूळच्यांपैकी उरलेले मोजके पांढऱ्या शर्टात समोर तोंड करून उभे. आणि गेलेल्यांच्या जागी, काळ्या कपड्यांत, पाठमोरे उभे असलेले बाकी सगळे. तो फोटो मी पाहिल्यापासून फॉर्मवरच्या त्या रकान्यात टिकमार्क करताना माझा हात जरा हळू चालतो.

आता सिक्स पॅक बँडवरचा माझा शेरा असा, की सहा गळे घेऊनही त्यांना कोरस होऊ दिले नाही. एका पट्टीत, एका उसन्या चालीत बांधून टाकले. त्या मानाने मुंबईत गेल्या दशकात उभा राहिलेला रेनबो व्हॉइसेस मुंबई हा वृंद मला जास्त आशेचा वाटतो. देशातला या प्रकारचा पहिला कोरस म्हणून त्याचे नाव घेतले जाते. माझी मागणी एवढीच, की कोणीतरी नाथांची गौळण चार पट्ट्यांत बांधावी; तसली मी अजून ऐकलेली नाही. आणि भाद्रपदात महागणपतीच्या उत्सवाला गावात असा कोरस आणावा. ऑर्केस्ट्रा आणि कीर्तन यांच्यामध्ये तासभर मिळेल. मानधन, जेवण, उतरायची सोय होईल, चहाचा प्रश्नच नाही. लाऊडस्पीकरवाला मात्र आत्ताच विचारतोय, "मेन सिंगरला कॉर्डलेस देऊ का?" त्याला सांगितले, स्टँडवरचे चार माईक बास; मेन सिंगर कोणी नाही.