कागदांनी जोडलेलं घराणं

कुलवृत्तांत म्हटला की पराक्रमी मूळपुरुषाची अपेक्षा असते. डेव्हनमधल्या रॉबर्ट फर्सने १५९३ मध्ये लिहिलेल्या कुटुंबाच्या वहीत मला तो भेटला नाही. फर्स ‘योमन’ होता : सरदार-जमीनदारांच्या खालचा, मजुरांच्या वरचा, बऱ्यापैकी जमीन राखून असलेला शेतकरी. डीन प्रायर गावातल्या मॉर्सहेडला राहून त्याने वारसांसाठी ही हकीकत लिहिली. पूर्वज साधे, अशिक्षित, थोडक्या जमिनीचे होते हे तो लपवत नाही. उलट, त्यांनी हळूहळू जोडलं म्हणून आपण उभे आहोत, त्यांची लाज बाळगू नका, असं बजावतो.

या लेखनाचं बळ तपशिलात आहे : खरेदीखतं, भाडेपट्टे, खटले, लग्नातून आलेली जमीन. आपण घराचं प्रवेशद्वार नव्याने बांधलं, खिडक्यांना काचा बसवल्या, हेही तो नोंदवतो. त्या काळी शेतकऱ्याच्या घरात काच येणं ही लहान गोष्ट नव्हती; घराण्याची चढण त्या एका नोंदीत दिसते. वारसांनी कायदा समजून घ्यावा हा सल्लाही अनुभवाचा आहे. कागद गेला की जमीन जाते.

इथेच मी अडखळते. बायकांच्या हकिकतीतही त्यांनी आणलेल्या मालमत्तेचा हिशेब पुढे येतो. मग ज्या नातलगांच्या नावे कागदच झाला नाही, त्यांना अशा वहीत कितीशी जागा मिळणार? तरीही आपल्या घरालाही इतिहास आहे, असं मानून एका शेतकऱ्याने लेखणी उचलली. म्हणून ही वही केवळ इतिहासकारांसाठी ठेवू नये. साहित्याच्या वाचकांनीही वाचावी.