प्लेगच्या दोन तारखा

'22 जून 1897' हा नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा 1979 चा सिनेमा. तारीख नावातच. त्या रात्री पुण्यात चापेकरांनी प्लेगअधिकारी रँडला गोळी घातली. रँडच्या सोजिरांनी घराघरात घुसून जुलूम केला, हे खरंच. पण मित्रांनो, तो संताप जरा तपासून बघा. देवघर विटाळलं, चूल बाटली, हेही त्यात होतं. दामोदर चापेकराला इंग्रजासारखाच सुधारकांचाही तिटकारा होता.

महारवाड्यात उलटं. तिथं बरं करायलासुद्धा कोण शिवणार? मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं फणफणलेलं पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलं, हडपसरजवळ यशवंतच्या दवाखान्यात नेलं. तोच रोग त्यांना लागला. 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. गोळीच्या साडेतीन महिने आधी. सिनेमानं ही तारीख निवडली नाही.

'कलाकृती म्हणून बघा' म्हणणाऱ्यांना विचारतो, कॅमेरा कुठल्या वाड्यात लावायचा, हा कलेचाच प्रश्न नाय काय?

आणि हे एकट्या पुण्याचं नाही. त्याच प्लेगात मुंबईची माणसं जीव घेऊन कोकणात पळाली. 2020 च्या करोनात चाकरमानी पुन्हा मालवणच्या वाटेला लागला, तेव्हा त्याच्या मनीऑर्डरीवर वाढलेल्या गावाला तो नकोसा झाला. 'अंतर राखा' सगळ्यांनी सांगितलं. ते आम्हाला शिकवायची गरजच नव्हती.

रोगाच्या दिवसांत गर्जना करणारा पुढारी लगेच सापडतो, त्याच्यावर सिनेमाही निघतो. आपण पुढारी निवडताना एवढंच विचारायचं: ह्यानं रोग्याला हात लावला काय?