भाकरी कुठे शेकायची?

सुधारित चुलीची कार्यक्षमता मोजण्याची रीत सोपी आहे. ठरावीक पाणी घ्यायचे, ते उकळायचे आणि किती लाकूड जळले ते तोलायचे. लाकडातून निघालेल्या उष्णतेपैकी किती पाण्याला मिळाली, हे त्यावरून काढता येते. तीन दगडांच्या साध्या चुलीत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास येते. सुधारित चुलीत बरेच जास्त. गणितात चूक नाही. पण घरी कोणी नुसते पाणी उकळत बसत नाही.

भाकरीचेच पाहा ना. तव्यावर दोन्ही बाजू भाजल्या की ती चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करतात. तिथे ती टम्म फुगते. सुधारित चुलीचे तोंड मात्र मुद्दाम लहान ठेवलेले असते, कारण जास्तीची हवा आत शिरली तर ती तापून धुराड्यावाटे उष्णता बाहेर नेते. म्हणजे तंत्रज्ञाने जी जागा वाया जाणारी म्हणून बुजवली, नेमकी तीच भाकरीची जागा! मग घरची बाई तोंड फोडून मोठे करते आणि दोष तिच्या अज्ञानाला दिला जातो. आमच्या मते हा फेरबदल म्हणजे आराखड्यावरचा जाणकार अभिप्राय होता. तो कोणी वाचला नाही, एवढेच.

1983 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात 2002 पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद आहे. बसवलेल्या चुली मोजणे सोपे; पेटत्या राहिलेल्या मोजणे अवघड. ओडिशात रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी काही वर्षे घरोघरी पाहणी केली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, नव्या चुलींमुळे पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला, पुढे मात्र फरक उरला नाही. जळणही वाचले नाही. चुलींचा वापर अनियमित होता, डागडुजी होत नव्हती. धुराड्यातली काजळी काढायची कोणी, कधी, कशाने, हे ज्याच्या त्याच्या घरात बसून ठरवावे लागते.

घरच्यांना सहभागी करून घ्यायचे म्हणजे तयार चुलीचे प्रात्यक्षिक दाखवायचे, असा समज अजून आहे. आराखडा मातीत उतरण्याआधी विचारले, तरच त्याला सहभाग म्हणता येईल.

गॅस आला तरी जिथे चूल पेटते, तिथल्या मुलांना वर्गातर्फे हे करून पाहता येईल. आठवडाभराचे जळण ताणकाट्यावर तोलून वेगळे ठेवायचे. आठवड्याच्या शेवटी उरलेले पुन्हा तोलायचे. रोज किती माणसे जेवली, काय शिजले, तेही लिहायचे. नंतर आईला किंवा आजीला विचारायचे, या चुलीत काय बदलावेसे वाटते? तिने सांगितलेला एकच बदल करायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोलायचे. लाकूड मात्र दोन्ही वेळा सारखेच सुकलेले हवे.