यादीत नसलेली नर्स

'विषय आवडलाय, पण साधनं कुठून आणू?' हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. मग रेचल वॉल्टनर गूसन यांचं 'विमेन अगेन्स्ट द गुड वॉर' (१९९७) वाचाच.

मेनोनाइट हा शस्त्र न उचलणारा ख्रिस्ती पंथ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सक्तीची भरती आली, तेव्हा मेनोनाइट आणि इतर मिळून सुमारे १२,००० पुरुष लष्कराऐवजी नागरी सेवेत गेले. त्यांची नोंद आहे. पण त्याच घरातल्या, शेतावर वाढलेल्या भाविक मुलीचं काय? बायकांना भरतीच नव्हती, म्हणून त्यांचा नकारही कागदावर आला नाही.

काही जणी त्या छावण्यांतच नर्स म्हणून राबल्या. नर्सिंग शिकू पाहणारीचा पेच तर आणखी अवघड. १९४३ च्या कॅडेट नर्स कोअरमध्ये शिक्षण फुकट, वर विद्यावेतन. बदल्यात युद्ध संपेपर्यंत, लष्करी किंवा नागरी, नर्सिंग करायची हमी. जखमीची सेवा हा धर्मच. पण तो बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला तर?

गूसन यांनी प्रश्नावल्या धाडून, मुलाखती घेऊन साधन स्वतःच उभं केलं. पुस्तकाचं खरं बळ हेच. माझी कुरकुरही इथेच आहे. पन्नास वर्षांनी सांगितलेली आठवण घासूनपुसून येते. 'श्रद्धेसाठी गेले' म्हणणारी बाई तेव्हा शेतातल्या कामातून सुटायलाही गेली असेल ना? म्हणून मुलाखतीशेजारी त्या काळची पत्रं ठेवून वाचा. नाही सापडली, तर प्रबंधात तसं स्पष्ट लिहा. गाईड कितीही कुरकुरले तरी.