उलटतपासणीविना साक्ष

राज्यकर्ते आपल्या प्रदेशाचे गुणगान परक्यांना ऐकवू लागले म्हणजे एक निराळाच वाङ्मयप्रकार जन्मास येतो. त्यास प्रवासवर्णन म्हणावे, तर त्यात प्रवासी नसतो. वृत्त म्हणावे, तर त्यात अप्रिय असे काही घडतच नाही. चीनमध्ये या प्रकाराला सध्या बहर आहे. देशाचे विश्वासार्ह व आदरणीय रूप जगापुढे मांडावे, असे शी जिनपिंग यांनी मे २०२१ मध्ये सांगितल्यावर प्रांतोप्रांती त्यासाठी सरकारी केंद्रे निघाली. चोंगछिंगचे केंद्र तर त्याआधीपासून इंग्रजीतून आपल्या शहराचे कौतुक करीत आहे. इमारतीच्या पोटातून जाणारी तिथली आगगाडी पाहून कोणाचेही मन हरखेल. पण त्या इमारतीत राहणाऱ्याला काय वाटते, हे तिथे विचारायचे कोणी?

आपण मात्र हसू नये. लंडन-बर्लिनच्या प्रदर्शनांत आपले पर्यटनखातेही गोवा मांडते. समुद्रकिनाऱ्यांपलीकडच्या गोव्याची द्वाही फिरवते. हेतू स्तुत्य आहे. दोष आहे तो लेखनात. या मजकुरात गावे 'वसलेली' असतात, डोंगर 'नटलेले' असतात. विशेषणे भरपूर, कर्ता मात्र बेपत्ता! गाव दिसते, गावकरी दिसत नाही.

शिरगावचेच पाहा. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईच्या जत्रेत व्रतस्थ धोंड निखाऱ्यांवरून चालतात. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही देवीची बहीण, ही श्रद्धा आजही जिवंत आहे. चित्रफितीला याहून मोहक विषय कोणता? परंतु याच गावाभोवती लोहखनिजाच्या खाणींचे खंदक आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत गोव्याच्या निर्यातीचा मोठा वाटा चीनलाच जात असे. आटलेल्या विहिरींची तक्रार घेऊन शिरगावकरांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. आणि ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन त्या दिवशी सहा भाविक दगावले. अर्धेच वर्णन वाचून येणारा पाहुणा गर्दीला तेवढी भर घालतो; वाट किती अरुंद, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

न्यायालयात सरतपासणीवर कोणी निकाल देत नाही. साक्षीदाराला उलटतपासणीस उभे राहावेच लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका उद्योजकाने परदेशी पर्यटक घटल्याचे आकडे समाजमाध्यमावर मांडले, तेव्हा पर्यटनखात्याने ते खोटे ठरवले आणि शिवाय पोलिसांत तक्रार केली. खंडन हा खात्याचा हक्कच होय. पण खंडनाला पोलीसठाणे कशाला हवे? आपल्याकडे न्यायालय आहे, वृत्तपत्रे आहेत, ग्रामसभा आहे. चीनच्या प्रांतांहून आपले वेगळेपण ते हेच. ते प्रसिद्धीच्या भरात गहाण पडू नये.

तेव्हा एक साधी सूचना करावीशी वाटते. शिरगाववर कोणतीही सरकारी चित्रफीत निघण्यापूर्वी तिची संहिता शिरगावच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, आणि तिथे उठलेले आक्षेप संहितेत उतरावेत. मग ती लंडनला न्यावी.