मत्स्यखाद्यातील ‘विकर’ : संज्ञा आणि विशेषण

बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेततळी आणि भीमेवरील उजनी जलाशयाचा काठ यांमुळे मत्स्यखाद्यविषयक मराठी लेखनास तेथे प्रत्यक्ष उपयोग करणारा वाचक लाभला आहे. अशा लेखनात ‘एन्झाइम’, ‘विकर’ आणि ‘वितंचक’ या एकार्थी संज्ञांना ‘वाढीसाठी पूरक’ हे विशेषण जोडण्याचा प्रघात दिसतो. दोष संज्ञांत नसून विशेषणात आहे.

क्यूने याने १८७७ च्या सुमारास रूढ केलेल्या ‘एन्झाइम’ या शब्दात ‘खमिरातील’ हा ग्रीक अर्थ आहे. ‘वितंचक’ या शब्दातील ‘तञ्च्’ धातूपासूनच वैदिक ‘आतञ्चन’, म्हणजे विरजण, हा शब्द सिद्ध होतो. ‘विकर’ यातून बदल घडविण्याचा बोध होतो. तिन्ही संज्ञा बदल घडविणाऱ्याच्या निदर्शक आहेत. भर घालणाऱ्याच्या नव्हेत. ‘पूरक’ मात्र उणीव भरून काढणारा पदार्थ होय. विरजणाची उपमाही मर्यादेतच खरी. विरजण सजीव असते व वाढते, विकर हे वाढत नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. सोयाबीनची पेंड व भाताचा कोंडा यांतील बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बद्ध असतो आणि माशास तो सहसा पचत नाही. ‘फायटेज’ हे विकर तो मोकळा करते. खाद्यात फायटेट नसेल, तर त्याला कार्यच उरत नाही. ते आम्ल माध्यमात प्रभावी ठरते. म्हणून जठर असलेल्या मागुराविषयीचा निष्कर्ष जठरहीन रोहू-कटल्यास जसाच्या तसा लागू करता येत नाही. खाद्याच्या गोळ्या बनविताना लागणाऱ्या उष्णतेने ते निकामी होऊ शकते. ‘पूरक’ या शब्दाने यांपैकी कशाचाच बोध होत नाही. उलट, जितकी मात्रा अधिक तितकी वाढ अधिक, असा समज होण्याचा संभव असतो.

‘मागूर’ या नावाची संदिग्धता याहून गंभीर आहे. देशी ‘क्लॅरियस मागूर’ आणि ‘थाय मागूर’ म्हणून ओळखला जाणारा आफ्रिकी ‘क्लॅरियस गॅरिपिनस’ या दोहोंस ते लावले जाते. दुसऱ्याच्या संवर्धनास भारतात २००० सालापासून बंदी आहे. परदेशांतील खाद्यसंशोधन मात्र पुष्कळसे त्याच्यावरच झालेले आहे. जातीचा उल्लेख गाळून ते मराठीत आणल्यास निषिद्ध माशावरील निष्कर्ष देशी माशाच्या नावाने वाचकापुढे येतो.

तात्पर्य, विकर कोणते, ते खाद्यातील कोणत्या घटकावर कार्य करते आणि कोणत्या जातीच्या माशात, या तीन गोष्टी न सांगणारे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी शास्त्रीय मराठीत ते अपूर्णच मानले पाहिजे.